एकट्याने मुलांना घेऊन सुट्टीला निघताय? या चुका टाळा

सुट्टीच्या खर्चाचे बहुतेक हिशेब दोन मोठी माणसं धरून केलेले असतात. टूरवाल्यांचे दर, हॉटेलची खोली, गाडीतल्या जागा, इतकंच काय, स्टेशनवर सामानाजवळ कोणी थांबायचं हेसुद्धा. एकटी आई किंवा एकटा बाबा तोच हिशेब स्वतःला लावतो आणि फसतो. ओळखीपाळखीत दर मे महिन्यात त्याच चुका बघून जीव विटलाय, म्हणून लिहितेय.

जाहिरातीतला दर आपला समजणं

"माणशी अमुक हजार" याच्या खाली बारीक अक्षरात 'ट्विन शेअरिंग' असतं. म्हणजे खोलीत दोन मोठी माणसं आणि खोलीचं भाडं दोघांत वाटलेलं. मुलांचा सवलतीचा दरही तशाच खोलीसाठी असतो. एक मोठं माणूस आणि एक मूल असेल, तर बहुतेक टूरमध्ये त्या मुलाचे मोठ्या माणसाएवढे पैसे लागतात. पैसे भरण्याआधी मी एकच विचारते: "एक मोठं माणूस, आठ वर्षांचं मूल, एक खोली, सगळं मिळून किती?" आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेते, तोंडी दर धरत नाही. आपल्याला परवडते ती खोलीवर भाडं घेणारी जागा, मग ते एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवास असो की कोकणातली घरगुती सोय. घरगुती ठिकाणी जेवणाचे पैसे ताटावर असतात, त्यामुळे मुलाचं अर्ध्यावर भागतं.

रात्री बारानंतरची गाडी

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. तिकिटावर १५ मे असेल, तर १४ तारखेला रात्री जेवून घर सोडायचं. भांडुपच्या माझ्या मैत्रिणीने कुडाळची तिकिटं काढली होती, स्वतःचं आणि दोन मुलांचं. पंधरा तारखेला ऑफिसातून आली, डबे भरले, रिक्षा, लोकल, आणि अकरा वाजता तिघं दादरला हजर. गाडी लागली, डब्यात चढली, तर बर्थवर दुसरं कुटुंब. टीसीने तिकीट बघून सांगितलं, "ताई, तुमची गाडी काल गेली." धाकटा बॅगेवर डोकं टेकून झोपलेला, मोठी रडवेली. गाडी सुटून गेल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी खासगी बसने गेली. मे महिन्यातलं त्या बसचं भाडं देण्यात राहण्याखाण्याचे निम्मे पैसे संपले, आणि ठरवलेला मुक्काम अर्ध्यावर आणावा लागला.

ती निष्काळजी मुळीच नाही. घरात तिकीट दुसऱ्यांदा वाचणारं कोणी नव्हतं, एवढंच. म्हणून तिकीट काढलं की मी ते बहिणीला पाठवते आणि विचारते, "आम्ही घरातून कुठल्या वारी निघायचं?" तिचं आणि माझं उत्तर जुळल्यावरच रजेचा अर्ज टाकते. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही तिकिटाची तारीख लिहीत नाही, घर सोडायचा दिवस लिहिते.

हाफ तिकिटाची बचत

रेल्वेत ५ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. दोन मोठी माणसं असली की मूल आलटूनपालटून दोघांच्या बर्थवर झोपतं. तुम्ही एकटे असाल तर रात्रभर कडेला बसून काढाल आणि सकाळी त्याच अंगाने मुलांमागे धावाल. इथे पैसे वाचवू नका. एसटीत वाचवा. मार्च २०२३ पासून राज्यात सर्व महिलांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वयाच्या मुलांनाही अर्धंच. आई आणि एक मूल मिळून एका तिकिटात जातात.

"तत्काळ काढू की" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मुलांना शब्द देऊन झालेला असतो! नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी बसा. एकट्या आईने लेडीज कोटाही बघावा, १२ वर्षांच्या आतला मुलगा सोबत चालतो.

चार दिवसांत तीन गावं करू नका. प्रत्येक गावबदलाला बॅगा, चेकआऊट आणि "आई, शू" हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर येतं. एकच मुक्काम ठेवा. पहिल्यांदाच एकट्याने निघत असाल तर माथेरान बघा. नेरळपर्यंत लोकल, पुढे दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, तिथून अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला जाणारी छोटी गाडी, म्हणजे शटल. दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे मूल हात सोडून पळालं तरी काळजाचा ठोका चुकत नाही. शनिवार-रविवार मात्र टाळा.

हप्त्यांवर सहल नको. तुमच्या एका पगारावर शाळेची फी आहे. आपण आजारी पडलो तर एक दिवस जास्त राहता येईल एवढे पैसे बाजूला ठेवा. नेटवर सापडलेल्या नंबरवर पूर्ण भाडं यूपीआयने आधीच पाठवू नका. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असतात, त्या भरवशावर अलिबाग ठरवू नका.

परदेशाचा विचार असेल तर आधी कागद. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर अनेक देशांच्या व्हिसासाठी दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र किंवा ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश मागतात, आणि जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. तो कागद हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.