मेटल बँडच्या अल्बमचं कव्हर आणि व्हिडिओ कसा करायचा, मुंबईत, कमी पैशात

दर महिन्याला एक तरी पोरगा विचारतो, दादा मेटल बँडचं कव्हर करायचंय, भारी कवटी कुठून डाउनलोड करू? कवटी करू नका. म्हणजे अगदी हौस असेल तर करा, पण जगातल्या अर्ध्या बँडांकडे कवटी आहे आणि उरलेल्यांकडे बकऱ्याचं मुंडकं नाहीतर धुक्यातलं चर्च, आणि तुमचा बँड डोंबिवलीचा, बेसवाला बँकेत कामाला आणि गाणं लिहिलंय त्याने आजोळच्या विहिरीवर. मग विहीर दाखवा ना!

मी परळला चाळीत राहतो, दिवसा साबणाच्या जाहिराती करतो आणि रात्री हे. तर पहिली पायरी कॅमेरा नाही, गप्पा. बँडला 'कसं हवंय' असं विचारायचंच नाही, कारण उत्तर ठरलेलं, 'डार्क पाहिजे'. त्यातून काय कळणार, डांबर पण डार्क असतं. विचारायचं की लहानपणी घराच्या कुठल्या कोपऱ्यात जायला तुझी फाटायची. एका गायकाला हे विचारलं, तो वेंगुर्ल्याकडचा, आधी नुसता हसला मग म्हणाला आजी सांगायची वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या, आणि देव फिरतो म्हणून त्या झिजतात असं गावात मानतात. म्हटलं संपलं, हेच कव्हर.

देवळातलं काही उचलायचं नाही आणि मूर्ती तर दाखवायचीच नाही, हे आमचं आधीच ठरलं, लोकांच्या श्रद्धेवर रक्त शिंपडून फेमस व्हायची गरज नाही. परळच्याच एका चांभारकाकांकडून मापाबाहेरची जोडी शिवून घेतली. काका विचारत होते कोणाला रे एवढ्या? नवी चप्पल कॅमेऱ्यात दुकानातल्यासारखी दिसते, म्हणून मी दोन संध्याकाळ गच्चीवर तळवे दगडाने घासले, अंगठ्याखाली जास्त आणि टाचेला एका बाजूने, चालणाऱ्याची झिजते तशी. मग ओली लादी, त्यावर चपला, पुढची टोकं आपल्याकडे. बस एवढंच. म्हणजे कोणीतरी चालत आलंय आणि आत्ता तुमच्या समोर उभं आहे. ड्रमरच्या आईने ते बघून फोन उलटा ठेवला, माझ्यासाठी तोच रिव्ह्यू.

हे काय मी शोधलेलं नाही. ब्लॅक सबाथ या इंग्लिश मेटल बँडचा पहिला अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला, त्याच्या पुढच्या कव्हरवर काय आहे, तर इंग्लंडमधली एक जुनी पाणचक्की आणि समोर काळ्या कपड्यात उभी एक बाई. ना रक्त ना कवटी. फोटो इन्फ्रारेड फिल्मवर काढला म्हणून झाडांचे रंग आजारी पडल्यासारखे दिसतात, आणि भीती त्या रंगात आहे. शेवटी गिरणीच ती, गिरण्या काय आपल्याकडे कमी होत्या?

आता लाइट, आणि इथेच सगळ्यांचं गंडतं. काळोख दाखवायचा म्हणजे लाइट बंद करायचा नसतो, लाइट एकच ठेवायचा असतो. लांब वायरचा होल्डर, त्यात साधा ९ वॉटचा एलईडी, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि थोडा मागे. दुसऱ्या बाजूला काळं कापड लावा, पांढरा चुना मारलेली भिंत असेल तर तिथून उजेड परत येतो आणि सगळी भुताटकी जाते, चाळीत तर चारही बाजूंनी चुना. मंगलदास मार्केटमधून काळं मखमल आणा, स्वस्तातलं चालेल पण चकाकणारं नको, सॅटिन तर नकोच. शूट करताना फ्रेम हवी त्यापेक्षा थोडी उजळच घ्या आणि मग एडिटमध्ये खाली आणा. उलटं केलंत, म्हणजे अंधारात शूट करून नंतर उजळवायला गेलात, तर सावलीत रंगीत मुंग्या दिसतात आणि त्या कुठल्याच फिल्टरने नीट जात नाहीत.

फोनवर करणार असाल तर नाइट मोड बंद, तो रात्रीची दुपार करतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे त्यात सगळं हाताने लॉक होतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, शटर भलतं ठेवलं की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी व्हिडिओत फडफडतात.

धूर. फॉग मशीन भाड्याने मिळतं पण छोट्या खोलीत मी अजून आजीचं धूपाटणं वापरतो, निखारे, वर ऊद, दोन मिनिटं थांबायचं म्हणजे ढग विरून पातळ थर होतो आणि लाइटचा झोत दिसायला लागतो. घट्ट धूर नको, तो नाटकातला स्वर्ग वाटतो. खिडकी उघडी ठेवा, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि मजल्यावर सगळ्यांना आधी सांगून ठेवा. मी नव्हतं सांगितलं, समोरचे काका कळशी घेऊन थेट फ्रेममध्ये आले. तो शॉट व्हिडिओत आहे, लोकांना वाटतं कन्सेप्ट आहे.

चेहरा रंगवायचा असेल तर काळं घरीच बनतं. निरांजनात एरंडेल तेल, वर तांब्याचं ताम्हण पालथं, दोन वाट्यांवर टेकवून ज्योतीपासून दोन बोटं वर. अर्ध्या तासाने ताम्हण पूर्ण गार होऊ द्या, काजळी सुरीने खरवडा, थेंब थेंब खोबरेल घालून बोटाने मळा. हे काळं विकतच्या काळ्यापेक्षा खोल दिसतं कारण ते चमकत नाही, डोळ्यांच्या खाचा खरंच खाचा वाटतात. डोळ्यांच्या आत मात्र जाऊ देऊ नका. पांढऱ्यासाठी मेकअपवाल्यांकडचा सफेदा. शेंदूर तोंडाला लावायचा नाही, कितीही भारी दिसला तरी, त्यात शिसं असतं.

रक्ताचा माझा धडा ऐका. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको म्हणजे तो टोमॅटो सॉस वाटत नाही, सुकलेल्या रक्तासारखी तपकिरी झाक येते. दिसायला एक नंबर. पण आम्ही हे गच्चीवर केलं मे महिन्यात, गिटारिस्टला फरशीवर मेलेला म्हणून झोपवला, आणि चौथ्या टेकला मेलेला माणूस किंचाळत उठला, मुंग्या. तेव्हापासून पाक फक्त क्लोजअपला, आणि वाइड शॉटला पाण्यात कॉर्नफ्लॉवर शिजवून रंग.

परफॉर्मन्सचे शॉट स्लो हवेत पण ओठ गाण्यावर जुळले पाहिजेत, तर गाणं दुप्पट स्पीडने वाजवा, ५० फ्रेमने शूट करा आणि २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या स्पीडने टाका. ओठ बरोबर बसतात, केस आणि धूर मात्र पाण्याखाली असल्यासारखे. एकच प्रॉब्लेम, १५० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांचं गाणं दुप्पट केलं की ड्रमर हसून हसून पडतो, त्याच्यासाठी फक्त एक कडवं ठेवा.

एडिटला तेच गणित उपयोगी येतं. १५० बीपीएम म्हणजे एक ठोका ०.४ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमवर बरोब्बर १० फ्रेम. पण प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका, प्लीज. चार-पाच कट ठोक्यावर द्या, मग एक कट दोन फ्रेम आधी मारा, माणूस दचकतो आणि का दचकला ते त्याला कळत नाही. स्टेजसाठी व्हिज्युअल करत असाल तर स्ट्रोब सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखवू नका, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्याला फीट येऊ शकते.

लोकेशनचं थोडक्यात. कुलाब्याची बंद पडलेली मुकेश मिल सगळ्यांना हवी असते, भाडं विचारा आणि घरी या. लोकलमध्ये आणि स्टेशनवर परवानगीशिवाय ट्रायपॉड लावायचा नाही, ड्रोन तर विसराच. चोर बाजारात मटण स्ट्रीटला बंद घड्याळं, डोळे गेलेल्या बाहुल्या मिळतात, बाहुल्या सगळे घेतात, तुम्ही कोणाच्या तरी आजोबांच्या फोटोची रिकामी फ्रेम घ्या. आणि जुलै सोडू नका, शेवाळलेल्या भिंती, निळी ताडपत्री, दिवसभर राखेसारखा उजेड, हे सगळं फुकट आहे. फक्त भरतीचं टाइमटेबल बघून जा, साडेचार मीटरच्या वर असेल तर समुद्राच्या कडेला शूट नाही म्हणजे नाही.

फायनल करताना काळ्या भागात पट्टे दिसले तर घाबरू नका, ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६च पायऱ्या असतात आणि तुमची सगळी फ्रेम त्यातल्या खालच्या थोड्याशा पायऱ्यांत कोंबलेली असते. वर हलका ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे टाका, पट्टे मोडतात. बँडला फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओने पाठवायची नाही, ड्राइव्हची लिंक द्या, आणि सांगा ब्राइटनेस वाढवून बघा, नाहीतर बारा वाजता मेसेज येतो की भावा स्क्रीन काळी आहे.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, पण बघायचं नखाएवढं करून, कारण लोक तेवढंच बघतात. छापायचं असेल तर नुसत्या काळ्या शाईने काळं राखाडी येतं, त्यात छपाईचे बाकीचे तीन रंग पण थोडे लागतात, किती ते प्रेसवाल्याला विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. काळ्या टीशर्टवर स्क्रीन प्रिंटला केसासारख्या रेषा भरून जातात, लोगोला मुळांसारखे बारीक फाटे असतील तर ते जरा जाड करा.

टीशर्टवरून आठवलं. त्या चपलांचा फोटो मी फक्त कव्हरसाठी म्हणून दिला होता, तोंडी. वर्षभराने खारला एका गिगला गेलो तर तीन जणांच्या छातीवर माझ्या चपला, विकत घेतलेल्या, आणि मला कोणी चहा पण विचारला नव्हता. वकील मित्राने कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ दाखवलं, फोटो, पेंटिंग किंवा फिल्म कोणी पैसे देऊन करून घेतली आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तोच. म्हणजे काही लिहून न घेऊन माझी केस मी स्वतःच बुडवली होती.

आता काम सुरू करायच्या आधी मी चार ओळी मेल करतो आणि समोरून ओके आल्याशिवाय फोटोशॉप उघडत नाही. अर्धे पैसे आधी. बदल दोनदा, तिसऱ्याला वेगळे. कॉपीराइट माझा, बँडला वापर डिजिटल आणि सीडीसाठी, टीशर्ट आणि पोस्टरचं वेगळं बोलू. आणि छापलेच तर दोन पीस मला, एक्सएल.