अँबॅसिडरचा वॉटर पंप पुन्हा पुन्हा जातोय? दोष असा शोधा

माझ्या अँबॅसिडरला दोन वर्षांत तीन वॉटर पंप, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारे पंप, बसले. दर वेळी पुण्यातल्या नाना पेठेतून नवा आणायचा, बसवायचा, आणि उन्हाळा आला की गाडीखाली पुन्हा पाण्याचं थारोळं. तिसरा पंप भंगारात न टाकता घरी आणून नीट पाहिला, तेव्हा कळलं की पंपात खोट नव्हतीच. रेडिएटरच्या एका दुरुस्तीत फॅनचं पातं वाकलं होतं आणि तेच दर वेळी नवं बेअरिंग खात होतं. म्हणून काढलेला पंप आधी घरी आणा.

शाफ्ट धरून वर-खाली हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग गेलंय. कारण बेल्ट, पुली किंवा फॅनमध्ये शोधायचं. शाफ्ट घट्ट आहे, पण पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी गंजाचे किंवा पांढरे ओघळ आहेत, तर सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी कडी, गेलंय. तिथे पाण्याकडे बघायचं. दोन्ही खराब असतील तर बेअरिंगचाच संशय आधी घ्या, कारण शाफ्ट डुगडुगला की सील टिकत नाही. ते भोक एम-सीलने बुजवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सील गळू लागल्याची खबर तेच देतं, आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर पडतं.

जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात फॅन पंपाच्या शाफ्टवरच बसतो, त्यामुळे फॅनची प्रत्येक थरथर थेट बेअरिंगला बसते. तपासायला काही लागत नाही. इंजिन बंद, बॅटरीची वायर काढलेली, बेल्ट सैल. रेडिएटरला एक ताठ तार अशी बांधा की तिचं टोक पात्याला जेमतेम लागत नाही. फॅन हाताने सावकाश फिरवा. प्रत्येक पातं तारेपासून सारख्याच अंतरावरून गेलं पाहिजे. एखादं पातं वाकलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर ठोकून सरळ करत बसू नका, फॅनच बदला.

मग क्रँक, पंप आणि डायनॅमो या तिन्ही पुल्यांना सरळ पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत का पाहा. डायनॅमोच्या ब्रॅकेटचा बोल्ट सैल असला तरी बेल्ट तिरका ओढतो. बेल्ट किंचाळतो म्हणून तो ताणत जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १३ मिलिमीटर दबायला हवा.

आता पाणी. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलं की आत क्षार आणि गंज साठतात, आणि तीच रेती सीलच्या गुळगुळीत तोंडावर घासते. गार इंजिनातून रेडिएटरचं आणि ब्लॉकचंही पाणी सोडा. ब्लॉकच्या कॉकमधून (पाणी सोडायच्या तोटीतून) काहीच आलं नाही तर तो गाळाने तुंबलाय. तारेने मोकळा करा. थर्मोस्टॅट (गरम पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून कमी दाबाच्या पाइपने उलट दिशेने पाणी सोडत राहा, स्वच्छ येईपर्यंत. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. पुण्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणतात. पण आपल्याला ते गंज रोखण्यासाठी हवंय.

पाणी स्वच्छ असूनही सील जात असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं) तपासा. गार इंजिनाचा बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन मिनिटभरच चालवा. बुडबुडे सतत येत राहिले तर जळका वायू पाण्यात शिरतोय.

हे सगळं झाल्यावरच नवा पंप घ्या. दुकानातच फिरवून पाहा, तळाचं भोक रंगाने बुजलेलं नाही ना, तेही बघा. बसवताना जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडा आणि बोल्ट आलटून पालटून कसा. पाणी भरल्याशिवाय इंजिन अर्धा मिनिटही चालवू नका. सील पाण्यावरच थंड राहतं.

शेवटी दिवे घाट चढा. माथ्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, झाकणाला हात न लावता टॉर्चने भोक पाहा. कोरडं असेल तर सासवडला जाऊन या. नवा बेल्ट थोडा सैलावतोच, तेव्हा ३०० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा.