नवा लॅपटॉप अमेरिकेच्या वेळेवर? या चुका टाळा

ऑटोपायलटने (कंपनीची यंत्रं आपोआप तयार करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) तयार झालेला नवा लॅपटॉप पुण्यात सकाळी साडेदहाला उघडला, तर घड्याळात आदल्या रात्रीचे नऊ. यंत्र बिघडलेलं नसतं. विंडोजचा मुळातला टाइम झोन अमेरिकेचा, पॅसिफिक. आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घड्याळच पुढे करणं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! विंडोज आतमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ मोजतं, झोन फक्त ती स्थानिक वेळेत दाखवतो. झोन तसाच ठेवून वेळ हाताने पुढे ढकलली की आतली बरोबर असलेली यूटीसी चुकते. डोमेनच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या लॉगिनमागची ओळख तपासणारी यंत्रणा, केर्बेरॉस, घड्याळांत साधारण पाचच मिनिटांचा फरक चालवून घेते. मग लॉगिन अडतं, सर्टिफिकेटं अवैध दिसू लागतात आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. कुणी असं करून ठेवलंच असेल, तर आधी झोन सुधारा, मग ‘सिंक नाऊ’ दाबा.

दुसरी चूक: ‘झोन आपोआप ठरवा’ हे बटण चालू करून निर्धास्त होणं. ते बटण लोकेशनवर जगतं. ऑटोपायलटच्या प्रोफाइलमध्ये प्रायव्हसीचं पान लपवलं की लोकेशन बंदच राहतं, आणि ते पान आपण आयटीवाले बहुतेक सगळेच लपवतो. म्हणून लोकेशनला परवानगीही द्या आणि ‘टीझेडऑटोअपडेट’ सेवेची रजिस्ट्रीतली स्टार्ट किंमत ४ (बंद) वरून ३ (गरजेनुसार चालू) करा. एकच केलं तर काही हलत नाही.

खरं तर सगळी माणसं भारतातच असतील, तर हा खटाटोप कशाला? मुंबईची स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत होती, आता देशभर एकच झोन. इन्ट्यूनच्या (मायक्रोसॉफ्टचं यंत्रं दुरून सांभाळण्याचं साधन) सेटिंग्ज कॅटलॉगमधून ‘कॉन्फिगर टाइम झोन’ ही पॉलिसी लावा. किंमत नेमकी ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ‘आयएसटी’ चालत नाही, लिनक्सवाल्यांचं ‘एशिया/कोलकाता’ही नाही. फिरतीवरच्या मंडळींना मात्र या पॉलिसीतून वगळा, नाहीतर लंडनला गेलेल्याचं घड्याळ पुण्याचंच राहील.

लोकेशनच्या भरवशावर राहणार असाल, तर वायफाय नसलेल्या डेस्कटॉपकडे लक्ष असू द्या. तिथे जागेचा अंदाज आयपी पत्त्यावरून बांधला जातो. घड्याळ नेमकं अडीच तास पुढे दिसलं, तर कंपनीचं व्हीपीएन (इंटरनेटकडे जाणारा खासगी मार्ग) सिंगापूरमधून बाहेर पडतंय का ते पाहा.