बडोद्यात भाड्याचं घर: आधी विश्वामित्री, मग भाडं

बडोद्यात घर शोधताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. 2019 आणि 2024 च्या पुरात या इमारतीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे आधी विचारा. तेही घरमालकाला किंवा दलालाला नव्हे. तळमजल्यावरचे शेजारी, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला यांना विचारा. ते भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतात.

काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. शहरातला पाऊस थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. पावागडाच्या बाजूला पडलेलं पाणी आणि आजवा धरणातून सुटलेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, म्हणून इथे ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. पावसाळ्यात आजव्याची पातळी रोज बघायची सवय लावून घ्या. शिवाय शहरभर कांस आहेत, जुने पावसाळी ओढे. नदी भरली की त्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं, आणि नदीपासून लांबच्या सोसायट्यांतही शिरतं. त्यामुळे समा, कारेलीबाग, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत नुसत्या नावावरून हो किंवा नाही ठरवू नका. एक सोसायटी कोरडी राहते आणि मागच्या गल्लीत कमरेइतकं पाणी असतं.

वरचा मजला घेतला की प्रश्न सुटला, असंही नाही. बऱ्याच इमारतींत मीटर आणि पाण्याचा पंप पार्किंगमध्येच असतात. पाणी शिरलं की वीज बंद, लिफ्ट बंद, पंप बंद, आणि चौथ्या मजल्यावरची टाकी दुसऱ्या दिवशी कोरडी. मीटरचा बोर्ड जमिनीपासून किती उंच आहे, जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, हे वाकून बघा. झाकण सैल असेल तर पुराचं गढूळ पाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतं. बेसमेंटमधल्या पार्किंगसाठी जास्त भाडं देऊ नका. नदीलगत राहणार असाल तर मगरी आहेत हे लक्षात ठेवा. पुरात त्या आवारात येतात, तेव्हा जवळ न जाता वनखात्याला कळवायचं.

दांडिया बाजार, रावपुरा इकडे मराठी शेजार सहज मिळतो, आणि नव्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. पण जुन्या वाड्यात खोली घेताना तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे ओल आणि वाळवी तपासा. नळाला पाणी किती वाजता येतं आणि रात्री स्कूटर कुठे लावायची, तेही विचारा. जाहिरातीत ‘टेनामेंट’ दिसलं तर दचकू नका. इथे ते स्वतंत्र दाराचं, बहुधा एका भिंतीला जोडलेलं छोटं घर असतं. मासे-मटण खाणारे असाल तर टोकन देण्याआधी स्पष्ट सांगा. करारात काही लिहिलेलं नसलं तरी सोसायटी अडवते, आणि महिन्याभरात पुन्हा सामान बांधावं लागतं.

करार साधारण 11 महिन्यांचा होतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. ई-स्टॅम्पवर छापून नोटरी करून घ्या आणि तुमची प्रत हातात घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं ही घरमालकाची जबाबदारी असली तरी तिची पोचपावती स्वतः मागा. मेंटेनन्स कोण भरणार, घराचा वेरो म्हणजे घरपट्टी कोण भरणार, कराराच्या नूतनीकरणात भाडं किती टक्क्यांनी वाढणार, हे करारात लिहून घ्या. पुरानंतरची साफसफाई आणि वायरिंगची दुरुस्ती कोणाकडे, हे कलम बहुतेक करारांत नसतं. इथे ते हट्टाने घाला.

लाइट बिल दोन महिन्यांचं एकदम येतं. म्हणून किल्ली घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि मागचं भरलेलं बिल बघा, नाहीतर आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या पहिल्या बिलात येते. पाइप गॅस असेल तर त्याचंही तसंच करा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, आणि त्याच दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो घरमालकाला पाठवून ठेवा.