बादलीत प्रवाळासारखा दगड उगवताय? या चुका टाळा

प्रवाळ समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बन घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतं. तीच आयडिया उचलून 2025 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या टीमने थ्रीडी प्रिंटेड जाळीवर करंट देऊन, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून खनिज चढवलं. बादलीभर समुद्राचं पाणी, स्टीलची जाळी आणि डीसी सप्लाय (एकाच दिशेने करंट देणारा) यांवर याचं छोटं रूप करता येतं, पण जाळी पांढरी झाली की झाला दगड असं समजू नका.

पहिलं म्हणजे जाळी सप्लायच्या निगेटिव्ह टोकालाच हवी. उलटं जोडलंत तर पाणी तपकिरी होणार आणि जाळीच गळून जाणार.

सगळ्यात मोठा घोळ करंटचा. लवकर व्हावं म्हणून नॉब फिरवला की समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड भराभर बसतं, थर जाड दिसतो पण नखाने खरवडला की निघतो, आणि गंमत म्हणजे त्यात कार्बनचा कणही नसतो! खात्री करायची तर एक टवका धुवून चुरा, वर व्हिनेगर टाका. फसफसला तर कार्बोनेट, गुपचूप विरघळला तर मॅग्नेशियमवालं. करंट कमी ठेवा, नाहीतर सरळ कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण वापरा.

पाणी बदलत नाही ही पण चूकच, कारण लिटरभर समुद्राच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कसंबसं 0.2 ग्रॅम कार्बोनेट निघतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी आणलंत तर अजून पातळ. मग कोणी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धो धो सोडतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि चढलेला थरच विरघळायला लागतो. हळू सोडा, पीएच (पाणी किती आम्लधर्मी झालंय ते) बघत राहा.

पॉझिटिव्हला क्लोरीन सुटतो, निगेटिव्हला हायड्रोजन. बंद खोलीत अजिबात नको, झाकण तर नकोच.

आणि प्रयोगाच्या रिपोर्टमध्ये 'कार्बन निगेटिव्ह', म्हणजे सोडला त्याहून जास्त कार्बन पकडला, असं लिहायच्या आधी हिशोब करा. 1 किलो कार्बोनेटमध्ये 440 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अडकतो, पण बाहेरून सोडलेल्या गॅसपासून तेवढं बनवायला 4 व्होल्टवर, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी, 2 युनिटच्या वर वीज लागते. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 700 ग्रॅम सोडते, म्हणजे पकडला त्याच्या तिप्पट आपणच हवेत सोडला. सोलर पॅनलवर चालवलं तर गोष्ट वेगळी.