पडीक वावर जंगलावर सोडायचं तं आधी हे करा

नागपूरच्या उमरेड रोडकडे आमचं दोन एकर बरड आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस धड होत नाही अन् तूर लावली तं रोही, म्हणजे नीलगायी, खातात, म्हणून म्हटलं सोडून देऊ बाप्पा, होईल आपोआप जंगल. तीन वर्षांत झाली डोक्याएवढी घाणेरी, आपली रायमुनिया हो, अन् तिच्याखाली गवताची काडी नाही.

तर झाडं लावायची घाई करू नका. पहिल्या पावसानंतर वाकून जमिनीलगत पाहा. पळस, तेंदू, धावडा जुन्या मुळावरून फुटतात, दरवर्षी शेंडा तुटतो, जळतो नाहीतर खाल्ला जातो म्हणून ते गुडघ्याच्या वर जात नाहीत. माझ्या वावरात पेन्सिलीएवढा पळसाचा फुटवा होता, बाजूची माती उकरली तं खाली मूळ मनगटाएवढं! असे फुटवे भरपूर असतील तं नर्सरीत पैसे घालू नका, प्रत्येकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधा, म्हणजे साफसफाईत चुकून कापला जाणार नाही.

मग घाणेरी. वरून छाटली तं दुप्पट फुटते. जमीन ओली असताना कुदळीनं तीन-चार इंच खाली मूळ तोडायचं अन् झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, नाहीतर परत रुजते. काळी फळं धरायच्या आत करा, बुलबुल बी कुठंकुठं नेतात. सगळी एकदम काढू नका, उघड्या जागेवर रानतुळस अन् गाजरगवत घुसतं, पट्ट्यापट्ट्यानं काढा, पवन्या-मारवेल गवताचं बी फेका, पुढचे दोन-तीन पावसाळे नवी रोपं उपटत राहा. कंटाळवाणं काम आहे पण खरं काम हेच.

इंग्लंडात नेप इस्टेटीवर शेती बंद करून ३,५०० एकर मोकळं सोडलं, पण तिथंही गाई, डुकरं, घोडे मुद्दाम आणून सोडले, चरायला मोठी रानटी जनावरं उरली नव्हती म्हणून. आपल्याकडे उलटं, रोही आहेतच अन् वरून गावची ढोरं. म्हणून सुरुवातीची वर्षं काटेरी कुंपण पायजेच. गावाशी भांडू नका, गवत कापून न्या म्हणा, वाळलेलं उभं राहिलं तं उन्हाळ्यात पेटते. फेब्रुवारीपासून धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, दहा फूट साफ ठेवा, मोह वेचायला लोक पाला जाळतात.

मोठ्या झाडाला हात लावायच्या आधी विचारा, साग, मोह, खैर स्वतःच्या वावरातले असले तरी तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते.

अन् चिंधी कशासाठी ते मजुरांना आधी सांगा, माझ्याकडे पहिल्याच दिवशी दोन पळस चिंधीसकट कापले गेले.