ग्राहकांचा एकत्रित डेटा शेअर करताय? आधी या चुका टाळा

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत हॉटेलवाले, स्कूबावाले, घरपोच आंबा पाठवणारे बागायतदार अशा सगळ्यांकडे आता ग्राहकांचा डेटा साठलाय. मुंबई-पुण्याची एखादी एजन्सी येते, सगळं एका क्लाउड वेअरहाऊसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या डेटाच्या कोठारात, ओतते, आणि लगेच विचारणा सुरू होते, ‘मग शेअर कधी करताय?’ स्नोफ्लेक हे असंच एक कोठार. त्यात शेअर, म्हणजे दुसऱ्या कंपनीला आपला डेटा वाचू देण्याची सोय, उभा करायला कोडच्या चार-पाच ओळी पुरतात. म्हणून घाईवाल्यांना वाटतं, कामही तेवढंच आहे. खाली दिलेल्या चुका मी इतक्या ठिकाणी पाहिल्यात की आता तोंडी सांगायचाही कंटाळा आलाय.

मोबाईल नंबर म्हणजे ग्राहक, असं धरून चालणं

मालवणकडच्या एका व्यवसायात रिसॉर्ट, स्कूबा आणि आंब्याची विक्री अशा तीन ठिकाणचे ग्राहक एकत्र करायचे होते. ज्यांनी काम केलं त्यांनी सरळ मोबाईल नंबर जुळवले. जुळला नंबर की माणूस एकच. आकडे झकास दिसत होते, ग्राहकांची यादी निम्म्यावर आली म्हणून मालकही खूश. तो एकत्रित डेटा जाहिरातवाल्या भागीदाराला शेअर झाला आणि त्यांनी त्यातून ‘सर्वांत मोलाचे ग्राहक’ निवडले.

यादीतला पहिला ग्राहक एकाच दिवशी अकरा खोल्यांत राहिला होता, त्याच सकाळी पाच वेळा स्कूबाला उतरला होता आणि मे महिन्यात त्याने टेम्पोभर हापूस घेतला होता. तो होता टेम्पो ट्रॅव्हलरचा चालक. मुंबईहून ग्रुप आला की पाहुणे नंबर द्यायला कंटाळत, मग काउंटरवरचा मुलगा चालकाचाच नंबर टाकून मोकळा व्हायचा. त्या बिचाऱ्याला लग्नाच्या वाढदिवसाच्या ऑफर येत होत्या, त्याही वेगवेगळ्या तारखांच्या. दुसऱ्या क्रमांकावर होता ९९९९९९९९९९. मुलाला विचारलं तर म्हणाला, “नंबर घातल्याशिवाय पुढे जाऊकच देणा नाय ता.” चूक त्याची नव्हतीच. रकाना सक्तीचा केला की माणसं काहीतरी भरतातच.

माझी सवय अशी: जुळवणी सुरू करण्याआधी एका नंबरामागे किती वेगवेगळी आडनावं आहेत ते मोजायचं. तीनाच्या वर गेली की तो नंबर वेगळ्या टेबलात, जुळवणीतून बाद. चालक, एजंट, गावातला सगळ्यांची बुकिंग करून देणारा पुतण्या, सगळे तिथे सापडतात. नाव अधिक गाव हा उपायही आपल्याकडे चालत नाही. वाडीच्या वाडी एका आडनावाची असते आणि एकाच गावात एकाच नावाचे तीन परब निघतात. वर वेंगुर्ला, वेंगुर्ले, रोमनमध्ये सावंतचं एकदा ‘व्ही’ने तर एकदा ‘डब्ल्यू’ने लिहिलेलं रूप. म्हणून किमान दोन खुणा जुळल्याशिवाय मी दोन नोंदी एक करत नाही. थोडे ग्राहक दुहेरी राहिलेले परवडतात, दोन माणसं एकात कालवलेली परवडत नाहीत.

आणि एकत्र करताना मूळ नोंदी पुसू नका. कोणती मूळ नोंद कोणत्या ग्राहक क्रमांकाला जोडली, एवढंच वेगळ्या टेबलात ठेवा. वरच्या प्रकरणात ते ठेवलं नव्हतं. त्यामुळे अकरा खोल्यांतली माणसं पुन्हा वेगळी करायला जुन्या रजिस्टरच्या वह्या उघडाव्या लागल्या, त्यातल्या दोन पावसात भिजलेल्या.

मूळ टेबलच शेअर करणं

स्नोफ्लेकच्या शेअरमध्ये डेटाची प्रत जात नाही, समोरचा तुमचंच टेबल वाचतो. सोय हीच आणि धोकाही हाच. आज त्या टेबलात कोणी आधार क्रमांकाचा रकाना वाढवला, तर भागीदाराला तो लगेच दिसतो. शेअरसाठी वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) करा आणि त्यात फक्त सिक्युअर व्ह्यू (टेबलातलं निवडकच दाखवणारी सुरक्षित खिडकी) ठेवा, रकाने नावानिशी लिहून. ‘सिलेक्ट स्टार’ (म्हणजे ‘सगळेच रकाने दे’) लिहिणाऱ्याला मी तरी शेअरच्या जवळ फिरकू देत नाही. व्ह्यू दुसऱ्या डेटाबेसमधल्या टेबलावर बेतलेला असेल, तर त्या डेटाबेसवर ‘रेफरन्स युसेज’ नावाची परवानगीही शेअरला द्यावी लागते. ती राहिली की लोक तासन्‌तास भलतीकडेच चूक शोधत बसतात.

रात्रीत शेअर रिकामा

तक्रार ठरलेली: काल दिसत होतं, आज ‘ऑब्जेक्ट अस्तित्वात नाही किंवा परवानगी नाही’. बहुतेक वेळा रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबने ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ (जुनं काढून नवं बनव) ही आज्ञा चालवलेली असते. टेबल नवं बनतं आणि जुन्यावरची परवानगी जुन्याबरोबर जाते. त्या आज्ञेला ‘कॉपी ग्रँट्स’ जोडा, म्हणजे जुन्या परवानग्या नव्यावर येतात. डीबीटी (dbt, टेबलं बनवायचं साधन) वापरत असाल तर त्यात त्याची वेगळी सेटिंग आहे. शेअरमधले व्ह्यू तर रोज नव्याने बनवूच नका. गणपतीच्या तोंडावर, चाकरमान्यांच्या बुकिंगची झुंबड असताना हे घडलं की फोन कोणाला येतो, ते वेगळं सांगायला नको.

हॅश केलंय, आता काळजी नाही

काळजी आहे. हॅश म्हणजे नंबरावरून सूत्राने काढलेली, उलटी न फिरवता येणारी अक्षरांची माळ. पण भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. तेवढ्यांचे हॅश काढून ताडून पाहणं साध्या ग्राफिक्स कार्डालाही जड नाही. गुप्त किल्ली न वापरता केलेला हॅश म्हणजे नंबरच दिल्यासारखं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कारणासाठीच धरली जाते. खोली बुक करायला दिलेला नंबर स्कूबावाल्याच्या जाहिरातीसाठी दिलेला नसतो. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची डेटा फाइल) काढू नका. ९१ लावलेला बारा आकडी नंबर ९.१९ई+११ असा होऊन बसतो आणि मागचे आकडे जातात ते जातातच.

स्नोफ्लेकचा टाइमझोन न बदलता सोडला तर तो लॉस एंजेलिसचा असतो. मग ‘आजची बुकिंग’ दुपारी साडेबारापर्यंत, आणि हिवाळ्यात दीडपर्यंत, कालचीच दिसते.

बिगक्वेरीत (गुगलचं असंच वेअरहाऊस) डेटासेट बनवतानाच मुंबई निवडा, एकदा बनल्यावर त्याची जागा बदलता येत नाही. आणि ‘लिमिट १०’ (फक्त दहा ओळी दाखव) लावून बिल कमी होतं असं समजणाऱ्यांनी एकदा बिल उघडून बघावं. साध्या टेबलावर पैसे वाचलेल्या डेटाचे लागतात, दाखवलेल्या ओळींचे नाही.

ग्राहकाने ‘माझी माहिती काढा’ म्हटलं आणि तुम्ही काढली, तरी भागीदाराने स्वतःकडे प्रत बनवून ठेवली असेल तर ती तशीच राहते. करारात लिहून घ्या.

भागीदाराकडे स्नोफ्लेक नाही म्हणून रीडर अकाउंट (तुम्हीच त्याच्यासाठी उघडलेलं वाचन-खातं) दिलंत, तर त्याच्या क्वेरींचं, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नांचं, बिल तुमच्या नावावर येतं. खर्चाला मर्यादा घालणारा रिसोर्स मॉनिटर आधी लावा, पासवर्ड नंतर पाठवा.